मुके जनावर, बोलके बिल

अनगोळात चार माणसे एकत्र बसली आणि त्यांत कोणाच्या गोठ्यात म्हैस किंवा कोणाच्या दारात कुत्रे असले, की एक तक्रार हमखास निघते. जनावरांचे डॉक्टर फार पैसे घेतात, रात्री तर विचारायलाच नको, आणि इतके घेऊनही जनावर हाती लागेल याचा भरवसा नाही. पूर्वी ही तक्रार म्हशीवाल्यांची असे. चौथ्या रेल्वे गेटाच्या अलीकडे-पलीकडे जिथे भात डोलत असे तिथे आता घरे उठली आहेत. उरल्यासुरल्या शेतांपैकी किती राहतील याचा वाद हलगा-मच्छे बायपासच्या निमित्ताने आपण सर्वांनी पाहिलाच आहे. शेत गेले की पिंजर जाते, पिंजर गेले की गोठा जातो. गोठ्याच्या जागी व्हरांडा येतो आणि व्हरांड्यात साखळीला बांधलेले एखादे लॅब्राडोर येते. त्यामुळे तक्रार तीच राहिली, फक्त ती करणारी माणसे बदलली. आता नोकरदार, पेन्शनर आणि आमच्यासारखी कॉलेजात जाणारी मुलेही ती करू लागली आहेत.

तक्रार खरी आहे. परंतु ती चुकीच्या दारात नेऊन मांडली जाते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या गल्लीतले एक उदाहरण घेतो. एका घरी हौसेने तीन महिन्यांचे पिल्लू आणले होते. लस द्यायची ती "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून राहिली. एका संध्याकाळी ते ओकू लागले, रात्री रक्ताचे जुलाब सुरू झाले. पार्व्हो. कुत्र्यांमधला हा विषाणू जगाला कळला तो १९७८ साली, म्हणजे रोग तसा आपल्या काकांच्या पिढीएवढाही जुना नाही. पण आजतागायत या विषाणूला थेट मारणारे असे खात्रीचे औषध हाती नाही. सलाईन लावायचे, ओकारी थांबवायची, आतड्यांत दुसरे जंतू शिरू नयेत म्हणून प्रतिजैविके द्यायची, आणि पिल्लाचे शरीर स्वतः लढेपर्यंत त्याला तगवून धरायचे. यात चार-पाच दिवस सहज जातात. म्हणजे रोज सलाईन, रोज इंजेक्शने, रोज डॉक्टरांचा वेळ. घरच्यांनी दोन दिवस पैसे भरले. तिसऱ्या दिवशी आकडा पिल्लाच्या किमतीच्या वर गेला, तेव्हा घरात बोलणे सुरू झाले. "एवढ्यात दुसरं आलं असतं की!" असे एक पाहुणे म्हणाले. पिल्लू घरी आणले. ते त्याच रात्री गेले.

त्या घरातली मुलगी आमच्याच कॉलेजात आहे. ती मला म्हणाली, "पैसे गेले त्याचं काही नाही रे. पण पहिल्याच दिवशी कोणी सांगितलं असतं, की पाच दिवस लागतील आणि साधारण इतके होतील, तर आम्ही एक तर शेवटपर्यंत नेलं असतं, नाहीतर डॉक्टरांनाच विचारलं असतं की थोडक्यात काय होईल. अर्ध्यावर सोडलं, ते डोक्यातून जात नाही."

मला वाटते, या प्रश्नाचे मर्म तिच्या बोलण्यात आहे. बिल मोठे असणे हे एक दुःख; परंतु बिल हप्त्याहप्त्याने उलगडत जाणे हे त्याहून मोठे दुःख आहे. आकडा आधी ठाऊक असेल तर माणूस निर्णय घेतो. आकडा रोज वाढत असेल तर निर्णय माणसाला घेतो. आणि शेवटी जी अपराधाची टोचणी उरते तिचा राग डॉक्टरांवर निघतो.

आता डॉक्टरांची बाजू. पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची असते. माणसांचा डॉक्टर एकाच जातीच्या प्राण्याला तपासतो. हा मात्र सकाळी शेळी, दुपारी मांजर आणि संध्याकाळी म्हैस तपासतो. रोगी बोलत नाही, कुठे दुखते ते सांगत नाही, आणि दुखऱ्या जागी हात लागला की चावतो अथवा लाथ झाडतो. औषधाची मात्रा वजनावर ठरते, तेव्हा पाचशे किलोच्या म्हशीला काय लागेल याचा हिशेब कोणीही करावा. क्ष-किरणाचे यंत्र, रक्ततपासणी, भूल, टाके ही सगळी सामग्री माणसांच्या दवाखान्याएवढीच खर्चाची. सरकारने एक सवलत मात्र दिलेली आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या उपचारसेवेवर जीएसटी नाही. तरीही बिल जड वाटते, याचे एक कारण असे की आपण आपल्या स्वतःच्या आजाराचे पूर्ण बिल क्वचितच पाहतो. जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढून येतो तेव्हा खरा खर्च सरकारने सोसलेला असतो; खाजगी इस्पितळात गेलो तर कुठे आरोग्य कार्ड असते, कुठे विमा असतो. कुत्र्याच्या बिलात मात्र वाटेकरी कोणी नाही. उपचार म्हणून जे काही लागते ते उघडेवाघडे आपल्या समोर येते आणि आपण दचकतो. दवाखान्याचे बिल खरे किती असते, हे आपल्याला कुत्र्यामुळे कळते म्हणायचे!

याचा अर्थ सर्वच बिले न्याय्य असतात असा नव्हे. आवश्यकता नसताना तपासण्या लावणारे, आणि घरचे लोक रडकुंडीला आलेले पाहून आकडा वाढवणारे महाभाग या धंद्यात नसतील असे कोण म्हणेल? माणसांच्या डॉक्टरांत ते आहेत, वकिलांत आहेत, शिकवण्या घेणाऱ्यांतही आहेत. परंतु अशा चार जणांना शिव्या घालून मूळ दुखणे बरे होत नाही.

मूळ दुखणे कुत्र्यापेक्षा म्हशीच्या उदाहरणाने लवकर ध्यानात येते. भरपूर दूध देणारी म्हैस व्याली, की पहिल्या दोन-तीन दिवसांत कधी कधी तिच्या रक्तातले कॅल्शियम एकदम खाली येते, कारण ते सारे दुधात उतरू लागते. याला दुग्धज्वर म्हणतात, पण यात ताप नसतो. उलट कान गार पडतात. म्हैस बसते ती उठत नाही, मान कुशीकडे वळवून पडून राहते. उपचार न मिळाल्यास एखाद्या दिवसात खेळ आटोपतो. आणि उपचार काय, तर कॅल्शियमची बाटली शिरेतून सावकाश देणे. पुष्कळदा बाटली संपते न संपते तोच म्हैस रवंथ करू लागते आणि तासाभरात उभी राहते. वैद्यकशास्त्रात इतका झटपट चमत्कार क्वचितच पाहायला मिळत असेल. औषध महाग नाही. महाग आहे ते रात्री दोन वाजता ते देऊ शकणारा माणूस गोठ्यात येणे. आणि माणूस जाणताच हवा, कारण तीच बाटली घाईने सोडली तर हृदय बंद पडून जनावर जागच्या जागी मरते. डॉक्टर मिळत नाही म्हणून कोणा अर्धवट शिकलेल्या "सुईवाल्या"ला बोलावतात, तेव्हा काही वेळा हेच घडते.

आमच्या शेजारचे एक म्हातारे शेतकरी आजोबा म्हणतात, "डागतर लई घेतोय म्हणून रडू नका रे. डागतर येऊस्तोर म्हस ऱ्हायली पायजे, ते बघा."

सरकारी गुरांचा दवाखाना आहे. तिथली सेवा स्वस्त आहे, डॉक्टरही बहुधा तळमळीने काम करतात. पण दवाखान्याची वेळ दिवसाची. १९६२ या क्रमांकावर फोन केल्यास फिरता दवाखाना दारात येतो; केंद्राच्या योजनेत साधारण एक लाख पशुधनामागे एक वाहन असा हिशेब आहे आणि कर्नाटकाच्या वाट्याला अशी २७५ वाहने आली. चांगली योजना आहे, तिचे श्रेय दिलेच पाहिजे. परंतु तीही बहुतांशी दिवसाचीच. जनावर अडते, फुगते, साप चावून घेते ते मात्र दवाखान्याच्या वेळा पाहून नव्हे. भाताच्या बांधावर घोणस भेटते ती अंधार पडल्यावर.

या बाबतीत १९७६ हे साल मोठे मजेचे आहे. त्या वर्षी राष्ट्रीय कृषी आयोगाने शिफारस केली, की दर पाच हजार जनावरांमागे एक पशुवैद्य असावा. ते प्रमाण देशाने आजही गाठलेले नाही. त्याच वर्षी बेचाळीसाव्या घटनादुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये सांगितली आणि त्यांत सजीवांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे एक कर्तव्य घातले. आणि त्याच वर्षी श्याम बेनेगलांचा 'मंथन' पडद्यावर आला. त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि खेड्यात दूधसंस्था काढायला येणारे पशुवैद्य डॉ. राव झाले होते गिरीश कार्नाड. मराठी आणि कन्नड अशा दोन विभागांच्या या अंकात तेंडुलकर आणि कार्नाड असे शेजारी बसलेले पाहून मला बरे वाटते.

पैकी घटनेचा भाग जरा बारकाईने पाहण्यासारखा आहे. सातव्या परिशिष्टातील राज्यांच्या सूचीत पंधरावी नोंद पशुधनाचे रक्षण व सुधारणा, जनावरांचे रोग आणि पशुवैद्यकीय शिक्षण व व्यवसाय यांची आहे. म्हणजे सरकारने आपल्याकडे घेतले ते पशुधन. त्यातले 'धन' महत्त्वाचे. गाय-म्हैस दूध देते, बैल नांगर ओढतो, तेव्हा त्यांच्यासाठी दवाखाने, लसी, फिरती वाहने. दया मात्र नागरिकांच्या कर्तव्यांच्या यादीत. कुत्रे धनात बसत नाही, ते दयेत बसते. आणि दयेसाठी अंदाजपत्रकात तरतूद करण्याची पद्धत नाही. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने जनावर पाळणाऱ्यावर त्याच्या कल्याणाची जबाबदारी टाकली आहे. योग्यच आहे. पण जबाबदारी पार पाडायला रात्री कोणते दार वाजवायचे, हे कायदा सांगत नाही.

नाथांनी तहानलेल्या गाढवाला गंगा पाजली ही गोष्ट आपण शाळेत ऐकली. तिच्यात नाथांच्या करुणेचे वर्णन असते आणि ते असावेच. पण माझे लक्ष नेहमी त्यांच्या खांद्यावरच्या कावडीकडे जाते. कावडीत पाणी भरलेले होते. त्या वाळवंटात नाथ रिकाम्या हाताने चालले असते, तर त्यांच्या अंतःकरणातली दया तेवढीच असती आणि गाढव मेले असते. आज अनगोळात दयेचा दुष्काळ आहे असे मला वाटत नाही. गल्लीतल्या बेवारशी कुत्रीला भाकरी घालणारी घरे दाखवता येतील. दुष्काळ कावडीचा आहे.

मेल्यानंतरची व्यवस्था मात्र आपल्याकडे बरी आहे! २०२२ साली लम्पी त्वचारोगाने गुरांची दैना केली, तेव्हा आपल्या जिल्ह्यालाही मोठी झळ लागली. मेलेल्या जनावरामागे भरपाई जाहीर झाली. महाराष्ट्रात गाईला तीस हजार, बैलाला पंचवीस हजार, वासराला सोळा हजार. कर्नाटकात गाईला वीस हजार, बैलाला तीस हजार, वासराला पाच हजार. म्हणजे शिनोळीच्या शिवेपलीकडे गाय मेली तर दहा हजार जास्त, अलीकडे बैल मेला तर पाच हजार जास्त, आणि वासराने तर कोणत्या बाजूला मरावे याचा विचारच करून ठेवावा. सीमाप्रश्नाचे हे एक अंग कोणत्याही आयोगासमोर आले नसेल. भरपाई मिळाली त्यांना तिचा आधार झाला, हे मी नाकारत नाही. जनावरांच्या विम्याचेही तसेच. कानात बिल्ला मारून, हप्त्यात सरकारी मदत घेऊन काढलेला विमा प्रामुख्याने जनावर दगावल्यावर पैसे देतो. रात्री डॉक्टर आणून त्याला वाचवले तर तो खर्च ज्याचा त्याने करावा. मरणाला किंमत आहे, वाचवण्याला नाही, असे हे उफराटे गणित आहे.

श्रीमंतांचे काय, असे कोणी विचारील. रतन टाटांना आपल्या कुत्र्याच्या सांध्यावरील शस्त्रक्रियेसाठी त्याला अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात न्यावे लागले होते, आणि तोवर उशीर होऊन सांधा एकाच स्थितीत आखडून बसला होता. पुढे त्यांच्या पुढाकाराने मुंबईत महालक्ष्मीला लहान प्राण्यांचे पाच मजली इस्पितळ उभे राहिले. २०२४ साली ते सुरू झाले आणि ते चोवीस तास उघडे असते. त्याच मुंबईत परळला प्राण्यांचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे. दोन्ही कामे दानातून झाली आणि दोन्ही वंदनीय आहेत. पण मुंबई इथून पाचशे किलोमीटर. पोटाला पीळ पडलेल्या कुत्र्याच्या हाती काही तास असतात, आणि खोल छातीच्या मुधोळ हाऊंडसारख्या जातींना हा धोका अधिक. शिवाय बेळगावात टाटा जन्माला येईपर्यंत वाट पाहणे हा काही कार्यक्रम होऊ शकत नाही.

दानावाचून होते याचे उदाहरण 'मंथन'च्या मागेच उभे आहे. तो चित्रपट गुजरातेतल्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन काढला. १९४६ साली सुरू झालेल्या खेडा जिल्ह्याच्या दूध संघाने सभासदांच्या जनावरांसाठी फिरते पशुवैद्य ठेवले, आणि अवेळी डॉक्टर बोलावायचा तर त्याची थोडी फी आधी ठरवून दिली. अवेळी येणाऱ्या डॉक्टराला जास्त पैसे द्यावे लागणार, हे शेतकऱ्यांनी मान्य केले होते. फक्त ते किती, हे गोठ्यात कंदील धरून उभे असताना ठरवायचे नव्हते. आपल्या शेजारी कोल्हापूरकडे गोकुळनेही सभासदांच्या गुरांना संघाची पशुवैद्यकीय सेवा दिली. आमच्या भागात घरोघरी रतीब घालणारा गवळी मात्र पुष्कळदा कोणत्याच संस्थेचा सभासद नसतो. त्याच्या म्हशीच्या दुधाचा खवा होऊन त्याचा कुंदा पाहुण्यांच्या हाती मुंबई-पुण्याला जातो, पण त्याच्या म्हशीपर्यंत डॉक्टर जात नाही. बेंदराला, म्हणजे कन्नड बांधवांच्या कारहुणवीला, आपण बैलाची शिंगे रंगवतो, दिवाळीच्या पाडव्याला म्हशींना सजवून गल्लीतून पळवतो. तेवढी हौस करणाऱ्या गावाला वर्षभराच्या रात्रींची सोय करता येऊ नये काय?

मला जे सुचते ते मोठे नाही. प्रत्येक दवाखान्याने नेहमीच्या उपचारांचे दर फळ्यावर लावावेत आणि मोठ्या आजारात पहिल्याच दिवशी अंदाजे खर्च, तोही उत्तम आणि काटकसरीचा असा दोन प्रकारे, कागदावर लिहून द्यावा. यात डॉक्टरांचे नुकसान नाही. उधारी बुडवून तोंड चुकवणारेच कमी होतील. आणि त्या उधारीविषयी आपण पाळणारे लोक बोलत नाही, हेही नमूद करायला हवे. जनावर मेले की अर्धे बिल बुडते, असे मला एका डॉक्टरांनी हसत सांगितले. हसत सांगितले म्हणून ते कमी खरे होत नाही. गल्लीगल्लीत भिशी चालते, मग पाच-पंचवीस घरांची जनावरांची भिशी का चालू नये? कुत्रेवाला आणि म्हैसवाला एका भिशीत बसतील का, अशी शंका आमच्या घरीच निघाली. माझ्या वडिलांना कुत्र्यावर हजारो रुपये घालवणे हा श्रीमंतांचा चाळा वाटतो, आणि पिल्लू गेलेल्या त्या घराला म्हशीचे शेण सोसवत नाही. पण रात्री दोघेही त्याच एका माणसाला फोन लावतात.

राहता राहिली रात्रपाळी. शहरातल्या पाच पशुवैद्यांनी जरी वाटून घेतले, तरी एकेकाच्या वाट्याला महिन्यातून सहाच रात्री येतात. रात्रीची फी ठरलेली आणि क्रमांक सर्वांना ठाऊक असेल, तर बाकीच्या चोवीस रात्री त्यांना निवांत झोप. ही यादी करायला सरकारी ठराव लागत नाही. आपल्या कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी शिबिरात झाडे लावून झाल्यावर अनगोळच्या गल्ल्यांतून फिरून किती गोठे, किती कुत्री-मांजरे, किती जणांनी लसी दिलेल्या, एवढे मोजून आणले तरी डॉक्टरांशी बोलायला आधार होईल. पार्व्होची लस काही शे रुपयांत होते हे सांगण्याचे कामही त्याच फेरीत उरकेल.

मी दोघा-तिघा डॉक्टरांकडे हा विषय काढून पाहिला. एकांनी उडवून लावले. दुसरे म्हणाले, विचार करून सांगतो. तिसरे, जे आमच्या म्हशीला नेहमी येतात, ते म्हणाले, "यादी करा, मी मंगळवार आणि शुक्रवार देतो. मात्र ज्याने फोन केला त्याने बॅटरी घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभं राहायला पाहिजे. तुमच्या अनगोळात रात्री घर सापडत नाही."